आर्द्रा फुटणार, रोहिणी विझणार: ताऱ्याचं वजन आणि त्याचा शेवट

कोकणात रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं आधी पावसाची आणि मग ताऱ्यांची. रोहिणीत धूळपेरणी उरकायची, सात-आठ जूनला मृग लागायचा, बावीसच्या सुमारास आर्द्रा. पण त्या दिवसांत हे तारे बघायला गेलं तर दिसत नाहीत, कारण सूर्यच त्यांच्या दिशेला असतो. ते दिसतात थंडीत. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास, चंद्र नसताना, गुहागर, आंजर्ले किंवा वेंगुर्ल्याच्या पुळणीवर उभं राहिलं की रोहिणी जवळपास डोक्यावर असते. दक्षिणेकडे थोडं खाली मृगाचा चौकोन आणि त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ वर वाढवली की रोहिणी सापडते, खाली वाढवली की आकाशातला सगळ्यात ठळक तारा, व्याध. मृगाच्या चौकोनात एका कोपऱ्यावर तांबूस रंगाचा तारा आहे. ती आर्द्रा. खगोलशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिलाच काक्षी म्हणतात.

रोहिणी आणि आर्द्रा दोन्ही तांबूस, दोन्ही म्हातारपणी फुगलेल्या. नुसत्या डोळ्यांना दोघी बहिणी वाटाव्यात. पण रोहिणी हळूहळू विझून पृथ्वीएवढा निखारा होऊन राहील, आणि आर्द्रेचा असा स्फोट होईल की काही महिने ती दिवसाढवळ्या दिसेल. फरक वजनाचा. रोहिणीचं वस्तुमान सूर्याच्या सव्वापटीच्या आत आहे, आर्द्रेचं सुमारे पंधरा ते वीस पट. (भौतिकशास्त्रात वजन आणि वस्तुमान वेगळं. इथे ‘वजन’ म्हटलं की त्यात किती माल आहे एवढाच अर्थ घ्यायचा.)

ताऱ्याचं कडं

किनाऱ्यालगत वाळूच्या जमिनीत विहीर खणली तर नुसता खड्डा टिकत नाही. वाळू चारही बाजूंनी आत ढासळते. म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांचं गोल कडं बांधत जावं लागतं. वाळू जितक्या जोराने आत रेटते तितक्याच जोराने कडं तिला बाहेर रेटतं, आणि विहीर उभी राहते.

ताऱ्याचं तसंच. त्यातला सगळा वायू स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने केंद्राकडे ढासळू पाहतो. त्याला अडवणारं कडं आहे उष्णतेचं. तापलेला वायू बाहेर रेटतो आणि ढासळणं थांबतं. मात्र चिऱ्याचं कडं एकदा बांधलं की पन्नास वर्षं बघावं लागत नाही, आणि उष्णतेचं कडं सतत गळत असतं. ताऱ्याचा प्रकाश म्हणजे ही गळतीच. म्हणून ते क्षणोक्षणी नव्याने बांधावं लागतं, आणि त्यासाठी इंधन जाळावं लागतं. सूर्याच्या केंद्रात दीड कोटी अंश तापमानाला दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो. त्यातलं ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं.

जड ताऱ्याला ढासळण्याचा रेटा जास्त, म्हणून केंद्र जास्त तापतं. आणि हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची जोडणी तापमानाला फार हळवी आहे. थोडं तापमान वाढलं की जळण्याचा वेग भरमसाट वाढतो. साधारण हिशेब असा: वजन दहापट झालं तर उजेड तीन हजारपट होतो. ट्रॉलरच्या भाषेत सांगायचं तर डिझेलची टाकी दहापट मोठी, पण खप तीन हजारपट. सूर्याचं इंधन सुमारे १००० कोटी वर्षं पुरणारं आहे, त्यातली ४६० कोटी वर्षं झाली. दहापट जड ताऱ्याचं इंधन दोन-तीन कोटी वर्षांत संपतं. आर्द्रेचं वय सुमारे एक कोटी वर्षं किंवा त्याहूनही कमी आहे, आणि ती आत्ताच म्हातारी आहे.

उलट्या बाजूला तांबडे बटू. आपल्या सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी हा असाच, सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढा. त्याचं इंधन लाखो कोटी वर्षं पुरेल. विश्वाचं वय आहे १३८० कोटी वर्षं. म्हणजे तांबडा बटू इंधन संपून मेला, असं विश्वात अजून एकदाही घडलेलं नाही. आणि सूर्याच्या ०.०८ पटीहून हलका गोळा असेल तर हायड्रोजन नीट पेटतच नाही. तो तारा होत नाही, तपकिरी बटू म्हणून थंड होत राहतो.

इंधन संपलं, आता कडं कशाचं?

मरणानंतर काय उरणार याचं सगळं उत्तर या एका प्रश्नात आहे. उष्णतेचं कडं गेल्यावर ढासळणारा माल दुसरं कोणतं कडं अडवतं? निसर्गात अशी दोन कडी माहीत आहेत, आणि दोन्हींना भार पेलायची मर्यादा आहे. तिसरं नाही.

सूर्यासारख्या ताऱ्यात केंद्रातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो आणि तापतो. गाभ्याभोवतीच्या थरात हायड्रोजन आणखी जोरात जळू लागतो, त्या आचेने बाहेरचे थर फुगतात आणि पृष्ठभाग थंड होऊन तांबडा दिसतो. रोहिणी आज याच अवस्थेत आहे. सूर्याच्या सुमारे ४५ पट व्यास, अंतर ६५ प्रकाशवर्षं. गाभा १० कोटी अंशांवर गेला की हेलियम पेटतो आणि त्याचा कार्बन-ऑक्सिजन होतो. पुढे कार्बन पेटवायला सुमारे ६० कोटी अंश लागतात, आणि तेवढं दाबून तापवण्याइतकं वजन सूर्याकडेही नाही, रोहिणीकडेही नाही. तिथे चूल थांबते. बाहेरचे थर अवकाशात उडून जातात, काही हजार वर्षं झगझगीत वायूच्या कड्यासारखे दिसतात आणि विरतात. मध्ये उरतो तो श्वेतबटू. सूर्याचा श्वेतबटू आजच्या सूर्याच्या निम्म्याहून थोडा जड असेल, आणि आकाराने पृथ्वीएवढा. त्यातला चहाचा एक चमचा माल काही टनांचा भरेल.

(सूर्य रोहिणीसारखा फुगून तांबडा राक्षस व्हायला अजून सुमारे ५०० कोटी वर्षं आहेत. पण त्याचा उजेड हळूहळू वाढतोच आहे, आणि शंभरेक कोटी वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र आटायला तेवढा पुरेल. अरबी समुद्र सूर्याच्या मरणाच्या बराच आधी जाईल.)

श्वेतबटूत काहीच जळत नाही. मग तो ढासळत का नाही? कारण पहिलं टिकाऊ कडं तिथे लागतं: इलेक्ट्रॉनचं. दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा नियम वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडला. माल फार दाबला की इलेक्ट्रॉनना जागा उरत नाही, ते वेगाने धावू लागतात, आणि त्या धावण्याचा दाब बाहेर रेटतो. हा दाब उष्णतेवर अवलंबून नाही, हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. श्वेतबटू पार थंड झाला तरी कडं तसंच उभं राहतं. म्हणून तो शांतपणे विझत जाऊ शकतो.

असा श्वेतबटू व्याधाशेजारीच आहे. व्याधाची चाल थोडी वाकडी आहे हे पाहून फ्रीडरिश बेसेल यांनी १८४४ मध्ये त्याला न दिसणारा जोडीदार असल्याचं सांगितलं. १८६२ मध्ये तो दुर्बिणीतून दिसला. वजन जवळजवळ सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. त्या जोडीत आज ठळक दिसणाऱ्या व्याधाचं वजन दोन सूर्यांएवढं आहे, तरी आधी मेला तो जोडीदार. असं कसं? कारण जन्मताना तोच जड होता, सुमारे पाच सूर्यांएवढा. त्याने इंधन आधी संपवलं आणि मरताना चार सूर्यांएवढा माल अवकाशात सोडून दिला.

इथेच पुष्कळ लेखांत घोटाळा होतो. ‘सूर्याच्या १.४ पटीहून जड तारा स्फोट पावतो’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. ते चूक आहे. १.४ हा आकडा मरताना उरलेल्या गाभ्याचा आहे. जन्माच्या वजनाचा आकडा सुमारे ८ आहे. आठ सूर्यांपर्यंतचा तारा इतका माल उडवून देतो की गाभा १.४ च्या आतच राहतो.

मुंबईहून निघालेल्या बोटीवर

हा १.४ कुठून आला, याची गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरून सुरू होते. १९३० च्या जुलैअखेरीला, ऐन पावसाळ्यात, कोकणातल्या होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्या दिवसांत, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने युरोपला निघाले. वय १९, जायचं होतं केंब्रिजला. इलेक्ट्रॉनच्या कड्यावर श्वेतबटू उभा राहतो हे राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये दाखवलं होतं. त्यात एक गोष्ट धरायची राहिली आहे, हे चंद्रशेखर यांच्या प्रवासात लक्षात आलं.

ती गोष्ट अशी. श्वेतबटू जितका जड तितका तो जास्त दाबला जातो, म्हणजे लहान होतो. जागा कमी पडली की इलेक्ट्रॉन जास्त वेगाने धावतात. पण प्रकाशापेक्षा वेगाने काहीच धावू शकत नाही. वेग प्रकाशाच्या जवळ पोचला की वजन वाढवत नेलं तरी कड्याचा रेटा त्या प्रमाणात वाढत नाही. एका ठरावीक वजनाला कडं कमी पडतं आणि मग कुठल्याही आकाराला तारा तोलून धरता येत नाही. आजचा आकडा सूर्याच्या १.४४ पट आहे. तिला चंद्रशेखर मर्यादा म्हणतात. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत आर्थर एडिंग्टन यांनी तिची जाहीर खिल्ली उडवली. ताऱ्याने असं वागूच नये, असं त्यांचं म्हणणं होतं. गणित चंद्रशेखर यांचंच बरोबर होतं. नोबेल मात्र १९८३ मध्ये मिळालं.

लोखंडाशी गाठ

आर्द्रेसारख्या जड ताऱ्यात चूल कार्बनवर थांबत नाही. कार्बन जळतो, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. प्रत्येक इंधन आधीच्यापेक्षा जास्त तापमान मागतं आणि कमी दिवस पुरतं. सूर्याच्या २५ पट जड ताऱ्याचा हिशेब पाहा: हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं, हेलियम पाच-सात लाख, कार्बन ६०० वर्षं, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने, सिलिकॉन एक दिवस. शेवटची इंधनं इतकी झटपट संपतात कारण तेव्हा ऊर्जा प्रकाशावाटे हळूहळू गळत नाही. ती न्यूट्रिनो नावाच्या कणांवाटे थेट गाभ्यातून पळते.

सिलिकॉन जळून लोखंड आणि त्याच्या जवळची मूलद्रव्यं होतात, आणि तिथे सगळं अडतं. हलकी अणुकेंद्रं जोडली की ऊर्जा मिळते, जड फोडली की मिळते. लोखंड बरोबर मधल्या खळग्यात बसलेलं आहे. ते जोडूनही काही मिळत नाही, फोडूनही नाही. गाभ्यात लोखंड साठत जातं आणि त्याला इलेक्ट्रॉनचं कडं तोलत असतं. साठा सुमारे १.४ सूर्यांएवढा झाला की कडं मोडतं.

मग एका सेकंदाच्या आत पृथ्वीएवढा गाभा काही डझन किलोमीटरांवर येतो. माल प्रकाशाच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या वेगाने आत कोसळतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये घुसवले जातात, न्यूट्रॉन होतात आणि न्यूट्रिनो बाहेर पडतात. न्यूट्रॉन एकमेकांना भिडले की दुसरं कडं लागतं. वरून कोसळणारा माल त्यावर आदळून उसळतो आणि बाहेर जाणारी धक्क्याची लाट तयार होते.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते: लाट बाहेर गेली, तारा फुटला. खरं तर लाट शे-दीडशे किलोमीटर जाऊन थबकते, कारण वरून माल कोसळतच असतो आणि तिची ताकद त्याची अणुकेंद्रं फोडण्यात खर्च होते. आतून उसळणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी थोडे त्या मालात अडकून त्याला तापवतात, तेव्हा लाट पुन्हा उठते आणि तारा फुटतो. हाच सुपरनोव्हा, म्हणजे अतिनवतारा. लाट उठलीच नाही तर माल कोसळत राहतो आणि गाजावाजा न होता कृष्णविवर होतं. ताऱ्याचं पुढचं नशीब ठरतं ते या अर्ध्या-एक सेकंदात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या उपकरणांनी बारा-तेरा सेकंदांत मिळून दोन डझन न्यूट्रिनो पकडले. काही तासांनी मोठ्या मॅजेलन मेघात, म्हणजे शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर, नवा तारा उजळलेला दिसला. प्रकाशाआधी न्यूट्रिनो आले, कारण ते गाभा कोसळतानाच सुटले आणि धक्क्याची लाट पृष्ठभागावर पोचायला काही तास लागले. स्फोटाची ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनोच घेऊन जातात. डोळ्यांना दिसते ती चिमूटभर. तो मेघ मृगाच्या बराच खाली दक्षिणेला आहे. वेंगुर्ल्याहूनही ती जागा क्षितिजापासून जेमतेम पाच अंश वर येते, म्हणजे खाऱ्या धुरकटीतून दिसणं कठीणच.

स्फोटानंतर मध्ये उरतो न्यूट्रॉन तारा. सरळ रेषेत मालवण ते कुडाळ जेवढं अंतर, साधारण तेवढा त्याचा व्यास, आणि त्यात सूर्यापेक्षा जास्त माल. चमचाभर घेतला तर शंभर कोटी टनांहून जास्त. रोहिणीच्या वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ, असा एक आहे. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी तिथे दिवसा दिसणारा तारा नोंदवला होता. आज तिथे क्रॅब तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यात सेकंदाला ३० वेळा गरगरणारा न्यूट्रॉन तारा. १०×५० ची द्विनेत्री आणि खरोखर अंधारी रात्र असेल तर तेजोमेघाचा पुसट डाग दिसतो. गरगरण्यामुळे ठोके पडावेत तशा रेडिओ लहरी पाठवणाऱ्या अशा ताऱ्यांना पल्सर म्हणतात. घाट चढून गेलं की नारायणगावजवळ खोडदला त्यांचा अभ्यास चालतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण तिथे आहे.

दुसऱ्या कड्यालाही मर्यादा आहे, दोन सूर्यांहून थोडी जास्त. नेमका आकडा चंद्रशेखर मर्यादेइतका पक्का नाही, कारण इतक्या दाबाखाली न्यूट्रॉनचा माल कसा वागतो ते प्रयोगशाळेत करून बघता येत नाही. ती ओलांडली की अडवणारं काहीच उरत नाही. कृष्णविवर होतं. त्याच्या सीमेची त्रिज्या काढणं सोपं आहे: दर सूर्यामागे तीन किलोमीटर. दहा सूर्यांचं असेल तर तीस. कृष्णविवर आजूबाजूचं सगळं गिळत सुटतं हा समज मात्र सोडून द्या. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आलं तर पृथ्वी काळोखात गोठेल, पण आजच्याच वाटेने फिरत राहील. आणि आपल्या सूर्याचं कृष्णविवर कधीच होणार नाही, तेवढा मालच त्याच्याकडे नाही.

जिथे हिशेब चुकतो

आठपर्यंत श्वेतबटू, आठ ते वीस-पंचवीस न्यूट्रॉन तारा, त्यावर कृष्णविवर, हा पाढा पाठ करायला सोयीचा आहे. पण वरची सीमा बांधाच्या रेघेसारखी नाही. थबकलेली लाट उठते की नाही हे गाभ्याच्या रचनेवर ठरतं, म्हणून वीस सूर्यांचा एखादा तारा कृष्णविवर होईल आणि त्याहून जड दुसरा फुटून न्यूट्रॉन तारा ठेवून जाईल. जड तारे हयातभर वाऱ्यासारखा माल उडवत असतात. त्यांच्यात लोखंडासारखी जड मूलद्रव्यं जास्त असतील तर वारा जास्त सुटतो आणि शेवटी हाती कमी उरतं. सुरुवातीच्या विश्वात जवळपास निव्वळ हायड्रोजन-हेलियमचे तारे होते. त्यांतला सूर्याच्या १४० ते २६० पट वजनाचा तारा असेल तर गणितानुसार तो असा फुटतो की मागे न्यूट्रॉन ताराही नाही, कृष्णविवरही नाही.

आणि जोडीदार असला की सगळाच पाढा बदलतो. श्वेतबटू शेजाऱ्याचा वायू ओढून घेतो, किंवा दोन श्वेतबटू एकमेकांवर आदळतात. वजन १.४ जवळ आलं की आतला कार्बन पेटतो. साधा तारा तापला की फुगतो, फुगला की निवतो, त्यामुळे त्याची चूल आटोक्यात राहते. श्वेतबटूचं कडं उष्णतेवर अवलंबून नाही, म्हणून तो तापूनही फुगत नाही. आच वाढतच जाते आणि एक-दोन सेकंदांत अख्खा गोळा उडतो. मागे काही उरत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळशा लोखंडाचा उगम या स्फोटात आहे. जड ताऱ्याला मारणारा लोखंडाचा गाभा बाहेर येतच नाही, तो न्यूट्रॉन होऊन आत राहतो. बाहेर फेकलं जातं ते स्फोटाच्या भट्टीत नव्याने घडलेलं किरणोत्सर्गी निकेल. सहा दिवसांत ते निम्मं कोबाल्ट होतं, आणि कोबाल्टचं ७७ दिवसांत निम्मं लोखंड. १९८७ च्या स्फोटात असं निकेल सूर्याच्या ०.०७ पट निघालं, एका श्वेतबटूच्या स्फोटात साधारण ०.६ पट निघतं. सूर्य आणि पृथ्वी ज्या ढगातून घडली त्यात हे लोखंड आधीच मिसळलेलं होतं. रेडीच्या खाणीतलं खनिज त्यातलंच, आणि विहिरीच्या कड्यात बसवलेल्या जांभ्याच्या चिऱ्याला तांबडा रंग आहे तो याच लोखंडाच्या गंजाचा.